दुसरी कोंडी

"बरं व्हायचं नाही," असं पटेल मॅडमनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. "निदान सुनावणी होईपर्यंत नाही. नंतर खुशाल ठणठणीत व्हा. पेढे मी आणते."

मेहरुन्निसा पटेल लातुरात मानसिक इजेच्या भरपाईचे दावे लढवायच्या, आणि बोलताना अशिलाच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या सुपारीच्या डबीकडे बघायच्या. त्यामुळे बाई थट्टा करतायत की काय, असं वृषाली गिरवलकरला क्षणभर वाटलं. पण मॅडम थट्टा करत नव्हत्या. कामावर हात तुटला तर तुटलेला हात दाखवता येतो, मन तुटलं तर काय दाखवणार, हा जुना वाद व्रणमापी नावाच्या यंत्राने मिटवला होता. मिटवता मिटवता त्याने एक नवीच भानगड करून ठेवली होती.

यंत्रामागचं शास्त्र तसं सोपं होतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. ती बाहेर काढली की दरवेळी मेंदूत नव्याने मळली जाते, काही काळ ओल्या कणकेसारखी मऊ राहते आणि मग पुन्हा घट्ट होते. भयंकर काही घडलं असेल, तर मेंदूतला बदामाएवढा एक भाग त्या आठवणीला भीतीची गाठ मारून ठेवतो. ही गाठ किती पक्की आहे आणि ती नेमक्या कोणत्या प्रसंगाला बांधलेली आहे, हे व्रणमापी डोक्यावरच्या टोपातून वाचायचं. कामावरची भीती वेगळी दिसायची, घरातल्या भांडणाची वेगळी. खोटं रडणाऱ्यांची पंचाईत झाली. पडद्यावर एक लाल रेघ असायची. त्या प्रसंगाचा आवाज कानात सोडला, की पडद्यावरचा ठिपका रेघेच्या वर गेला पाहिजे. गेला तर इजा खरी, नाही गेला तर दावा फेटाळला.

घोडं पेंड खात होतं ते इथंच. आठवण मऊ असताना जवळ मायेचं माणूस असलं, त्याच्यापाशी बोलता आलं, रडता आलं, तर ती पुन्हा घट्ट होताना भीतीची गाठ सैल होते. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून पूर्वापार जे करत आली, ते औषध असल्याचं शास्त्राने सिद्ध केलं. कायद्याने मात्र मोजायचा दिवस ठरवला तो सुनावणीचा. त्याआधी जो बरा झाला, त्याला कायद्याच्या दृष्टीने काही झालंच नव्हतं.

"म्हणून कुणापाशी बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "नवरा कसा आहे?"

"चांगला आहे."

"मग त्याच्यापासून जास्तच जपा."

वृषाली 'हाकसाद' कंपनीत होती. राज्यातल्या बऱ्याच तालुक्यांचे संकटकाळचे फोन लातूरच्या त्या गार हॉलमध्ये यायचे. फोन करणारा बोलू लागला, की यंत्र त्याचे शब्द ऐकून पडद्यावर एक शिक्का सुचवायचं: आग, अपघात, प्रसूती, सर्पदंश. शिक्क्याखाली एक हिरवी पट्टी भराभर आखूड होत जायची. ती संपायच्या आत माणसाने 'होय' दाबायचं. मग माणूस ठेवला कशाला, असं कुणी विचारलं, की साहेब सांगायचे की अंतिम निर्णय माणसाचाच असला पाहिजे असा कायदा आहे. निर्णयाला वेळ मात्र पट्टीएवढाच. पट्टी संपू दिली की गुण कापले जायचे, आणि फार गुण कापले गेले की खुर्ची जायची.

त्या दिवशी कोकणातल्या कातळघळ नावाच्या गावातून एक बाई बोलल्या. "आमचे हे कोंडीत अडकलेत. लवकर मानसा पाठवा." यंत्राने शिक्का सुचवला: वाहतूक कोंडी, तातडी कमी. वृषालीने 'होय' दाबलं. फोन आपोआप ध्वनिमुद्रित सूचनेकडे गेला आणि पुढचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी कळलं की त्या गावात नदीतल्या खोल डोहाला कोंडी म्हणतात. दत्ताराम मांडवकर पंपाचा गाळ काढायला कोंडीत उतरले, त्यांचा पाय खडकाच्या फटीत अडकला, वरच्या अंगाला पाऊस झाला आणि पाणी चढत गेलं. लातूरसारख्या पाण्याच्या टँकरवर वाढलेल्या गावात नदीच्या डोहाला असलेलं दुसरं नाव कुणाच्या कानावरून जाणार? कंपनीने चौकशी करून निष्कर्ष काढला: मानवी चूक.

तेव्हापासून वृषालीला फोनची रिंग सहन होईना. कुठंही काही वाजलं की तिच्या पोटात गोळा यायचा, हात गार पडायचे आणि नाकातोंडात पाणी गेल्यासारखा श्वास अडकायचा. बसवराजने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, घरातली घंटा काढली, फोन मुके केले, कुकर माळ्यावर टाकून भात पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. सोलर पंप दुरुस्त करणारा तो माणूस. काय बिघडलंय ते उघडून बघायची त्याला सवय, आणि घरातलीच एक गोष्ट उघडून बघायला मनाई. त्या फोनवर नेमकं काय झालं, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. तो जवळ येऊन बसला की ती उठून आतल्या खोलीत जायची. दोघांनाही त्याचा त्रास होत होता, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

दाव्यात भरपाई होती, पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्या गोष्टीसाठी. दावा जिंकला, तर ती हिरवी पट्टी इजा करणारी ठरणार होती आणि हॉलमधल्या सगळ्यांच्या पडद्यावरून ती काढावी लागणार होती. हरला, तर 'मानवी चूक' हे दोन शब्द तिच्या नावाला कायमचे चिकटणार होते.

कंपनीलाही हे ठाऊक होतं. म्हणून कंपनी प्रेमळ झाली होती. दर आठवड्याला एक गोड बोलणारी मुलगी फळं घेऊन दारात उभी राहायची. "ताई, फक्त मन मोकळं करायचं, बाकी काही नाही." बसवराज तिला दारातूनच वाटेला लावायचा. कुणी मायेनं बोललं की संशय घ्यायचा, अशी त्या घराला सवय लागली होती.

सुनावणी परवावर आली असताना सकाळी कुणीतरी दारावर हाताने थाप मारली. बसवराजने दार उघडलं. बाहेर पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, पायात धुळीच्या चपला.

"वृषालीबाई हितंच ऱ्हातात काय? मी सुगंधा मांडवकर. कातळघळीची."

बसवराजला ते नाव माहीत होतं. तो बाजूला झाला, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "एवढ्या लांबून एकट्याच आलात?"

"एकटी कशाला? तुमच्या कंपनीचे साहेब घरी आलेले. बोलले, त्या बाईला भेटायचा हाय काय? मी बोलले, कदीपासून. गाडी दिलान त्यांनी. खाली उभी हाय."

बसवराजने गॅलरीतून वाकून पाहिलं. झाडाखाली पांढरी गाडी होती आणि तिच्या दारावर हाकसादचं चिन्ह होतं. तो स्वयंपाकघरात गेला आणि हळू आवाजात पटेल मॅडमना फोन लावला.

"बाईंना जेवायला घाला, आराम करू द्या," मॅडम म्हणाल्या. "पण वृषालीसमोर बसवू नका."

"बाई साध्या दिसायल्यात हो मॅडम. त्यांना काही माहीत नाही."

"साध्याच असणार. खरं माणूस आहे म्हणूनच पाठवलंय. खोट्या माणसानं गाठ सुटत नसते, हे ते फळंवाल्या मुलीवरून शिकले."

आतल्या खोलीत वृषाली भिंतीला टेकून उभी होती. बाहेर कोण आलंय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तो आवाज तिच्या कानात कित्येक दिवस मुक्कामाला होता. बसवराज आत आला आणि त्याने गाडीचं, मॅडमचं सगळं कुजबुजत सांगितलं.

"जायला सांगा त्यांना," ती म्हणाली. "अहो, परवा संपतंय सगळं. दोन दिवसांनी मीच जाईन त्यांच्याकडं. पण आज नको."

तो बाहेर गेला. दार पुरतं लागलं नव्हतं, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

"तिची तब्येत बरी नाही, मावशी. ती नंतर येईल तुमच्या गावाला."

"बरा," सुगंधाबाई म्हणाल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी भांडायला नव्हते आले हो. एकच विचारायचा व्हता, तर तुमी विचारा तिला. मी कोंडी बोलले, ते चुकला काय?"

त्यांची पावलं दाराकडे निघाली आणि तिथंच थांबली.

"गावात समदे तसाच बोलतात. शेरातल्या मानसाला कोंडी कशी कळंल, डोह बोलायचा व्हता. माझा किरण मुंबैला असतो. तो तर बोलतच नाय माझ्याशी बाप गेल्यापासून. बोलला, आये, एक शब्द नीट बोलली असतीस तर बाबा जिवंत असते. मला डोह शब्द ठावा हाय, पुस्तकात वाचलाय. पन त्या टायमाला तोंडात येयाला नको काय?"

वृषाली इतके दिवस कधी स्वतःला अपराधी समजत होती, कधी यंत्राला, कधी पट्टीला. या बाई तिकडे स्वतःलाच दोष देत बसल्या असतील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. दार उघडलं तर परवा ठिपका रेघेखाली राहणार, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि नाही उघडलं, तर ही बाई तो शब्द उरावर घेऊन पुन्हा त्याच गाडीत बसणार होती. दोन दिवसांनी सांगू, असं तिने मनाला बजावून पाहिलं. पण चप्पल पायात सरकवल्याचा आवाज आला आणि तिने दार उघडलं.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर बोललात."

सुगंधाबाई वळल्या. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच पाहिलं. वृषाली त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मला पाण्याचा आवाज आला होता," ती म्हणाली. हे वाक्य तिने आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं. "तुमच्या मागं पाणी वाहत होतं. वाहनांच्या कोंडीत पाणी कुठून आलं, असं माझ्या मनात आलं. 'कोंडी म्हणजे काय हो?' एवढंच विचारायचं होतं. ओठावर आलं होतं. पण ती पट्टी संपायली होती, आणि पट्टी संपत आली की बोट आपोआप जातं. मी बटण दाबलं. तुम्ही सांगितलं होतं, मावशी. तुमच्या शब्दानं सांगितलं, पाण्यानंही सांगितलं. मी ऐकून ऐकलं नाही."

बसवराज स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तोही हे पहिल्यांदाच ऐकत होता.

सुगंधाबाईंनी चपला काढल्या. मग त्याही तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "तू फोन सोडलास तवा ती मशीनची बाय बोलाय लागली. मार्ग मोकळा होईपर्यंत संयम बाळगा. मला वाटला, मानसा निघाली. वाटंत झाडबीड पडला असंल, तो काढतायत. मी ह्यांना बोलले, येतायत हो, आता येतायत. वाडीत धावले असते तर धा मानसा आली असती. नाय गेले. हात धरून बसले. पानी गळ्याला आला तरी मी बोलत व्हते, येतायत."

ही सूचना वाजते हे वृषालीला माहीत होतं. रोज शेकडो वेळा वाजायची. पण ती कुणी अशी विश्वासाने ऐकली असेल, हे तिला सुचलं नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि ते आवरायचा तिने प्रयत्नही केला नाही. श्वास अडकला, नाकातोंडात पाणी गेल्यासारखं झालं, नेहमी व्हायचं तसंच. फक्त या वेळी एक खरबरीत हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

"मग तू पन पान्यातच व्हतीस की गो बाय, इतके दिस," सुगंधाबाई म्हणाल्या.

दोघी पोटभर रडल्या. नंतर बसवराजने चहा केला. सुगंधाबाईंनी पिशवीतून कोकमाचं आगळ भरलेली बाटली काढून ठेवली, आणि मग जरा चाचरत विचारलं, "किरणला सांगशील काय हा? माझा नाय खरा वाटायचा त्याला."

त्यांनी आपला फोन पुढे केला. वृषालीने तो हातात घेतला. पलीकडे रिंग वाजत होती आणि ती तिच्या कानाशी होती. तिने फोन खाली ठेवला नाही.

"मी वृषाली गिरवलकर बोलते. तुमच्या आईचा फोन मी घेतला होता. त्यांचा शब्द बरोबर होता. चूक ऐकणाऱ्याची होती."

पलीकडून पोरगा म्हणाला, "आईकडं द्या."

दुपारी जेवून सुगंधाबाई त्याच गाडीतून परत गेल्या. बसवराज पातेली घासत होता, आणि जरा जोरातच घासत होता.

"रागावलात?" वृषालीने विचारलं.

"मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "एवढे महिने एका घरात राहायलोत. मला वाटायचं, तुझं काय दुखायलंय ते मला कळलं तर मी काहीतरी करीन. आणि सांगितलंस कुणाला, तर कंपनीच्या गाडीतून आलेल्या बाईला."

"तुम्हाला सांगितलं असतं तर मी केव्हाच बरी झाले असते," ती म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."

त्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्या संध्याकाळी ती उठून आतल्या खोलीत गेली नाही.

सुनावणीच्या दिवशी तिच्या डोक्यावर टोप चढवला आणि कानात तो आवाज सोडला. आमचे हे कोंडीत अडकलेत. लवकर मानसा पाठवा. मागं पाणी होतंच. पडद्यावरचा ठिपका उसळला, रेघेच्या दिशेने चढू लागला, पटेल मॅडम खुर्चीतून पुढे झुकल्या, आणि ठिपका रेघेच्या जरा खाली येऊन थांबला. वृषालीला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. भीती मात्र वाटत नव्हती. दुःख मोजायचं यंत्र अजून कुणी तयार केलं नव्हतं.

"जखम भरली म्हणजे ती झालीच नव्हती असं नव्हे," मॅडम उभ्या राहून म्हणाल्या. "साहेब, पाय मोडलेला माणूस प्लास्टर काढून आला, तर पाय मोडलाच नव्हता म्हणाल का? आणि तिला बरं करणारी व्यक्ती कुणाच्या गाडीतून आली, हे विचारा."

सुनावणी घेणारे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "गाडी देणं हा गुन्हा नाही. मोजमाप आजच्या दिवसाचं, असं कायद्यात लिहिलंय. माझा नाइलाज आहे." दावा फेटाळला गेला. अर्जदार कामावर रुजू होण्यास योग्य आहे, असंही आदेशात आलं. कंपनीच्या वकिलाने वृषालीसमोर येऊन हात जोडले. "बऱ्या झालात. मनापासून आनंद वाटला."

बाहेर आल्यावर पटेल मॅडम समोरच्या दुकानात गेल्या आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. "मला तुमचा भयंकर राग आलाय," त्या म्हणाल्या. या वेळी त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "पण कबूल केलं होतं ना. घ्या."

बसवराज म्हणाला, सोडून दे ती नोकरी, आपलं भागेल. वृषालीला ते दोन दिवस पटत राहिलं. मग तिच्या डोळ्यांपुढे तिची खुर्ची आली, आणि त्या खुर्चीवर बसून पट्टीकडे बघणारी दुसरी कुणीतरी. सोमवारी ती कामावर गेली.

हॉल तसाच गार होता. ओळखीच्यांनी माना डोलावल्या, काहींनी नजर चुकवली. तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात, चौकशी झालेल्यांच्या पडद्यावर ठेवायचा तसा, पिवळा ठिपका होता. म्हणजे आता एकदा जरी पट्टी संपू दिली, तरी खुर्ची जाणार. तिने कानावर हेडफोन चढवला. पोटात गोळा आला, आणि थोड्या वेळाने विरला.

पहिलाच फोन एका पुरुषाचा होता. आवाज चिडलेला, मागं नुसता वारा. "हॅलो, कोंडीत अडकलोय मी. काहीतरी करा लवकर."

पडद्यावर शिक्का उमटला: वाहतूक कोंडी, तातडी कमी. हिरवी पट्टी आखूड होऊ लागली. यंत्राचं बहुधा बरोबरच होतं. शंभरातल्या नव्व्याण्णवांना तेच म्हणायचं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. बोट आपोआप बटणाकडे गेलं. तिने ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं.

"कोंडी म्हणजे काय हो?" तिने विचारलं. "मला नीट सांगा."

पट्टी संपली. पडदा लाल झाला, आणि हॉलच्या त्या टोकाला बसलेल्या साहेबांनी मान वर केली.

"काय म्हणजे काय?" तो माणूस खेकसला. "अहो बाई, कोंडी म्हणजे गाड्यांची कोंडी. दुसरी कसली असते?"

"असते," वृषाली म्हणाली.